बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड आणि दुधाळ गायींचे दात, हाडे व दूध : मार्गदर्शन हवे

केळापूरचा गोठा (प्रश्न)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात आमचा संकरित गायींचा गोठा आहे. पूर्वी जनावरांना शेतातील जुन्या विहिरीचे पाणी मिळत असे. ती विहीर उन्हाळ्यात आटू लागल्यामुळे काही वर्षांपूर्वी आम्ही खोल बोअर घेतली आणि तेव्हापासून लहानमोठ्या सर्व जनावरांना बारमाही बोअरचेच पाणी दिले जाते. विहिरीला पावसाळा व हिवाळ्यात अजूनही पाणी असते. मात्र ते आता भाजीपाल्याकडे जाते.

आमच्याच गोठ्यात जन्मलेल्या गायी पहिल्या वेतात समाधानकारक दूध देतात. दुसऱ्या वेतानंतर मात्र त्या हळूहळू खंगतात. कधी पुढच्या पायाने लंगडतात, काही दिवसांनी तो पाय बरा वाटतो आणि मागचा धरतो. उठताना त्यांना फार कष्ट पडतात. पुढचे दात पिवळट-तपकिरी झाले आहेत, काहींवर काळपट आडवे पट्टे आहेत आणि वयाच्या मानाने ते फारच झिजलेले दिसतात. कडबा चावताना अर्धवट चावलेले बोळे तोंडातून खाली पडतात आणि थंडीच्या दिवसांत हौदाचे पाणी त्या घोट घेऊन पिण्याऐवजी जिभेने चाटतात. बाजारातून आणलेल्या, आधीच सहा दाती झालेल्या (पुढचे सहा पक्के दात आलेल्या) गायींचे दात मात्र स्वच्छ आहेत, जरी अलीकडे त्यांच्यापैकीही काही ताठरल्यासारख्या चालतात.

कॅल्शियमच्या सलाइनने व वेदनाशामक इंजेक्शनांनी चार-दोन दिवस बरे वाटते आणि त्रास पुन्हा सुरू होतो. गावातील काही शाळकरी मुलांच्या दातांवरही असेच डाग असल्यामुळे पाण्याची शंका आली आहे. ही शंका बरोबर असेल तर ती निश्चित कशी करावी, आजारी गायी सुधारू शकतात का, आणि त्यांचे दूध घरी व ग्राहकांना देणे योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

वारणाकाठचा दूध उत्पादक

आपल्या वर्णनातील लंगडणे मला खुरांच्या आजाराचे वाटते. आमच्या भागात दूध वाढवण्यासाठी खुराक एकदम वाढवला आणि वैरण कमी पडली की पोटात आम्लता वाढते, खुरांच्या आतल्या भागाला सूज येते आणि गाय पाय बदलून लंगडू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वेतात दूध जास्त असते, खुराकही जास्त असतो, म्हणून त्रासही तेव्हाच दिसतो. लाळ्या-खुरकूत होऊन गेलेल्या जनावरांतही खुरे बिघडलेली राहतात. पाण्याला दोष देण्यापूर्वी खुरे तासून तपासून घ्यावीत आणि सरकी पेंड, मका भरडा व कडबा यांचे प्रमाण पाहावे, असे माझे मत आहे. दातांचे कारण मला सांगता येणार नाही.

निवृत्त पशुवैद्यक, नागपूर

खुरे तपासण्याची वरील सूचना योग्य आहे आणि ती टाळू नये. खुरांची सूज असेल तर तळव्यात रक्ताळलेले डाग व खुराच्या भिंतीवर कडी दिसतात. मात्र खुरांच्या आजाराने दात डागाळत नाहीत. प्रश्नकर्त्यांनी सर्वांत वजनदार पुरावा स्वतःच मांडला आहे : गोठ्यात वाढलेल्या गायींचे दात खराब आहेत आणि मोठ्या वयात विकत आणलेल्यांचे स्वच्छ आहेत. दीर्घकाळ चाललेल्या फ्लोराइडच्या विषबाधेत नेमके असेच दिसते.

याचे कारण दात घडण्याच्या काळात आहे. गायीच्या बहुतेक पक्क्या दातांचे कवच साधारणपणे सहा महिन्यांच्या वयापासून तीन वर्षांपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते. या काळात शरीरात फ्लोराइड जास्त गेले, तर कवच घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडते आणि दात ठिसूळ, खडूसारखे व खळगे पडलेले असे बाहेर येतात. त्यांत पुढे वैरणीचा रंग मुरतो. एकदा कवच पूर्ण झाले की पाण्यातील फ्लोराइड त्यात हा दोष निर्माण करू शकत नाही. म्हणून सहा दाती अवस्थेत आलेल्या गायींचे दात वाचले, पण त्यांची हाडे वाचलेली नाहीत, कारण हाडांत फ्लोराइड साठण्याला वयाची मर्यादा नसते. त्या गायी ताठरल्यासारख्या चालतात हे आपण लिहिले आहे, ते या दृष्टीने गंभीरपणे घ्यावे.

दातांवरून काळही ओळखता येतो. पुढच्या दातांची पहिली पक्की जोडी दीड ते दोन वर्षांच्या वयात येते आणि शेवटची चौथ्या वर्षाच्या आसपास. ज्या गायीची पहिली जोडी स्वच्छ व पुढच्या जोड्या डागाळलेल्या असतील, तिला वाढीच्या मध्येच दूषित पाणी सुरू झाले असा अर्थ निघतो. बोअर कधी घेतली आणि प्रत्येक गाय कधी जन्मली, या दोन तारखा तिच्या दातांशी जुळवून पाहा. त्या जुळल्या तर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच आपल्याला बरेच उत्तर मिळालेले असेल.

हाडांविषयी : शरीरात राहिलेले जवळजवळ सर्व फ्लोराइड हाडांत व दातांत जाऊन बसते. वर्षानुवर्षे ते साठत गेले की पायांच्या नळीच्या हाडांवर, जबड्यावर व बरगड्यांवर नवे, खडबडीत हाड वाढते. नळीच्या हाडावरून हात फिरवला तर टणक, गरम नसलेले उंचवटे लागतात. सांध्याभोवतालचे स्नायुबंध ताठरतात आणि लंगडणे एका पायावरून दुसऱ्यावर जाते. दूध कमी होण्यामागे फ्लोराइडचा कासेवर होणारा थेट परिणाम हे मुख्य कारण नसते. दाढा वेड्यावाकड्या झिजल्यामुळे गाय चावू शकत नाही, दातांना थंड पाणी झोंबते म्हणून पुरेसे पाणी पीत नाही, पाय दुखतात म्हणून दावणीपाशी उभी राहत नाही. खाणे घटते आणि दूध त्यामागोमाग घटते. माजावर न येणे, गाभण न राहणे हेही पुष्कळदा याच उपासमारीतून येते. झीज वेतागणिक वाढत असल्याने पहिल्या वेतात काहीच जाणवत नाही.

कॅल्शियमच्या सलाइनने रक्तातील कॅल्शियम काही तास वाढते. बिघडलेल्या हाडाची त्याने दुरुस्ती होत नाही. वेदनाशामक वापरावेच लागले तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅम वापरावे. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे आणि गिधाडांचा जो संहार त्या औषधाने झाला तो लक्षात घेता, मिळाले तरी ते घेऊ नये.

दुधाबद्दल आपण निश्चिंत राहू शकता. गायीच्या शरीरातून फ्लोराइड दुधात फारच कमी उतरते. जास्त फ्लोराइड मिळणाऱ्या गायींच्या दुधातही त्याचे प्रमाण लिटरमागे मिलिग्रॅमच्या लहान अंशाइतकेच राहते. काळजी करायची तर घरातील माणसे, विशेषतः मुले, तेच बोअरचे पाणी पितात का याची करावी.

तपासणीसाठी पाण्याबरोबर पाच-सहा गायींची लघवी घ्यावी. नमुने काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावेत, कारण फ्लोराइडची काचेशी क्रिया होते. निरोगी गायीच्या लघवीत फ्लोराइड साधारण लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असते. ते १५ ते २० च्या पुढे सातत्याने आढळले तर विषबाधेचा संशय बळावतो. वापरात असलेल्या खनिज मिश्रणाचाही नमुना द्यावा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात या तपासण्यांविषयी विचारणा करता येईल.

खडक आणि पाणी

मी भूजलाच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून पाण्यापुरते लिहितो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा असला, तरी पूर्व विदर्भात आणि नांदेडच्या काही भागांत त्याहून जुने ग्रॅनाइट व नीस खडक आहेत. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या नोंदी आहेत आणि तुमच्या केळापूर तालुक्यातील पांढरकवडा परिसराचे नाव त्यांत येते. फ्लोराइड असणारी खनिजे खडकातच असतात. उथळ विहिरीत येणारे पाणी दरवर्षीच्या पावसाचे, तुलनेने ताजे असते. खोल बोअरचे पाणी खडकाच्या फटींत दीर्घकाळ मुरलेले असते. अशा जुन्या पाण्यात सोडियम व बायकार्बोनेट वाढते आणि कॅल्शियम घटते. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला विरघळून राहू देत नाही. ते घटले की फ्लोराइडवरचा हा अटकाव निघून जातो. म्हणूनच चवीला मऊ, डाळ लवकर शिजवणारे, भांड्यांवर थर न धरणारे बोअरचे पाणी ‘चांगले’ समजले जाते आणि शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. गायीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण ती पाणी फार पिते. समजा बोअरच्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि दुभती संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला ७० लिटर पाणी पिते. म्हणजे पाण्यातूनच तिला रोज २८० मिलिग्रॅम फ्लोराइड मिळाले. तिचा कोरडा आहार १२ किलो धरला तर हे प्रमाण आहाराच्या किलोमागे सुमारे २३ मिलिग्रॅम पडते. दुभत्या गायींसाठी आहारातील फ्लोराइडची सहन होणारी मर्यादा किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम मानली जाते. चारा व पेंडेत थोडे फ्लोराइड असतेच. एकट्या पाण्याने ओलांडली न जाणारी मर्यादा पाणी, चारा आणि खनिज मिश्रण मिळून कशी ओलांडतात, हे यावरून लक्षात यावे. शिवाय गावठी गाय कमी पाणी पिते आणि दिवसभर नाल्या-तळ्यावर फिरते. गोठ्यात बांधलेल्या संकरित गायीला एकाच हौदाशिवाय पर्याय नसतो. त्यामुळे त्याच गावातील गावठी जनावरे बरी दिसली म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही.

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. एकच नमुना देऊ नये. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोन वेळा द्यावेत, तसेच बोअर व जुनी विहीर दोन्हींचे द्यावेत. फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केली असून तीत तुरटी व चुना वापरतात. कुटुंबाच्या पाण्यासाठी ती शक्य आहे. पूर्ण गोठ्याला रोज लागणाऱ्या हजारो लिटर पाण्यासाठी तुरटीचे प्रमाण सांभाळणे आणि गाळाची विल्हेवाट लावणे शेतकऱ्याला झेपत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विहिरीचे पुनर्भरण आणि छपराच्या पाण्याचा साठा यांवर तोच पैसा लावावा.

ईस्ट लान्सिंगहून

मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. येथील दुग्धव्यवसायावर १९७३ मध्ये आलेल्या संकटाची माहिती या चर्चेला उपयोगी पडेल असे वाटते, कारण विषाची शंका सिद्ध कशी करायची हाच तेव्हाही मुख्य प्रश्न होता.

त्या वर्षी एका रासायनिक कंपनीकडून पशुखाद्याच्या गिरणीला मॅग्नेशियम ऑक्साइडच्या ऐवजी पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीबीबी, हे आग रोखण्यासाठी वापरले जाणारे रसायन चुकून गेले. दोन्ही उत्पादनांची नावे जवळजवळ सारखी होती, ‘न्यूट्रिमास्टर’ आणि ‘फायरमास्टर’, आणि पोतीही सारखीच दिसत. ते खाद्य राज्यभर वाटले गेले. बॅटल क्रीकजवळचे दूध उत्पादक फ्रेडरिक हॅल्बर्ट यांच्या गायींनी खाणे सोडले, दूध झपाट्याने घटले, खुरे वेडीवाकडी वाढली. हॅल्बर्ट स्वतः रसायन अभियांत्रिकी शिकलेले होते. त्यांनी खाद्यावर संशय घेतला आणि तपासण्यांचा पाठपुरावा सोडला नाही. नेहमीच्या कीटकनाशकांच्या चाचण्यांत काही सापडत नव्हते, कारण हे जड रसायन त्या चाचणीच्या ठरलेल्या वेळेनंतर यंत्रातून बाहेर पडते. १९७४ च्या वसंतात ते ओळखले गेले, तोपर्यंत राज्यातील लोक महिनोन्‌महिने ते दूध व मांस खात होते. पुढे पाचशेहून अधिक गोठ्यांवर निर्बंध आले. सुमारे ३०,००० गाई-गुरे आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

आपल्याला उपयोगी भाग त्यानंतरचा आहे. चरबीतील पीबीबीची मर्यादा आधी दहा लाख भागांत १ भाग होती, नोव्हेंबर १९७४ मध्ये ती ०.३ करण्यात आली आणि १९७७ मध्ये राज्याच्या कायद्याने ०.०२ वर आणली. या मर्यादांच्या खाली असलेल्या गोठ्यांचे मालक सांगत होते की आमच्याही गायी खंगत आहेत; पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांना मात्र अशा कळपांत आणि निर्दोष कळपांत फरक आढळला नाही, आणि दोष गोठ्याच्या व्यवस्थापनाकडे गेला. १९७८ मध्ये वेक्सफर्ड काउंटीतील न्यायालयाने अशा एका शेतकऱ्याच्या विरोधात निकाल दिला. त्या मालकांचे म्हणणे किती खरे होते यावर येथे आजही दोन मते आहेत. मला स्वतःला यातून एवढेच ठामपणे सांगावेसे वाटते की कमी मात्रेच्या, सावकाश होणाऱ्या विषबाधेत गाय कोणतेही एक ठळक लक्षण दाखवत नाही, आणि विष येण्यापूर्वीची नोंद हाताशी नसेल तर नंतर तुलना कशाशी करायची हेच उरत नाही.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. पीबीबी चरबीत साठते आणि दुधावाटे बाहेर पडते. म्हणजे दुभती गाय स्वतःच्या शरीरातील विषाचा भार दूध पिणाऱ्यावर टाकते. त्यामुळे तिथे माणसांच्या आरोग्याचा प्रश्न मोठा झाला आणि त्या कुटुंबांचा अभ्यास १९७६ पासून आजतागायत चालू आहे. फ्लोराइड हाडांत जाते आणि दुधात जवळजवळ येत नाही. ग्राहक सुरक्षित राहतो आणि भार सगळा गायीवर राहतो. माझ्या मते म्हणूनच फ्लोराइडग्रस्त गायींकडे कोणत्याही अन्नसुरक्षा यंत्रणेचे लक्ष जात नाही : दुधाचा नमुना नेहमीच निर्दोष येतो.

पुढे तुलना करता यावी यासाठी प्रत्येक जनावराची जन्मतारीख, ते कोणत्या काळात कोणते पाणी प्यायले, दातांची छायाचित्रे, वेतागणिक दूध आणि लंगडण्याच्या तारखा आजपासून लिहून ठेवाव्यात. दात दोन दाती, चार दाती, सहा दाती अशा प्रत्येक टप्प्यावर टिपावेत.

केळापूरचा गोठा

सर्वांचे मनापासून आभार. बोअर घेतल्यानंतर जन्मलेल्या गायींचे दात मी आज पाहिले. चारही जोड्या डागाळलेल्या आहेत. बोअरच्या आधी चार दाती झालेल्या एका जुन्या गायीच्या पहिल्या दोन जोड्या स्वच्छ आणि शेवटची जोडी पिवळट आहे. पाणी व लघवीचे नमुने पाठवण्याची तयारी केली आहे. विहिरीचे पाणी सगळ्या जनावरांना पुरणार नाही. दुभत्या गायींना द्यावे असा घरच्यांचा आग्रह आहे, कारण त्यांच्यावरच घर चालते. आपण काय सुचवाल?

निवृत्त पशुवैद्यक, नागपूर

घरच्यांचा विचार समजण्यासारखा आहे, तरीही माझा सल्ला उलट आहे. विहिरीचे पाणी आधी वासरांना आणि कालवडींना द्यावे. दुधावर असेपर्यंत वासरू बऱ्यापैकी सुरक्षित असते, कारण आईच्या दुधात फ्लोराइड नसल्यासारखेच असते. ते हौदावर पाणी पिऊ लागले की धोका सुरू होतो आणि पक्के दात पूर्ण होईपर्यंत टिकतो. कालवड पाणी कमी पिते, त्यामुळे विहिरीचा मर्यादित साठा तिच्या वाट्याला पुरवता येतो. राजस्थानात डुंगरपूर भागात झालेल्या पाहण्यांतही लहान वासरे व वाढती जनावरे फ्लोराइडला अधिक बळी पडत असल्याचे दिसले आहे. ज्या गायींचे दात बिघडले त्यांचे दात आता चांगल्या पाण्याने परत येणार नाहीत. ज्या कालवडीचे दात घडत आहेत तिची पुढची सहा-सात वेते या दोन-अडीच वर्षांत ठरतात.

दुभत्या गायींना उरलेले विहिरीचे पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून द्यावे. निम्मे-निम्मे झाले तरी रोजचा भार बराच उतरतो. त्यांना लांब कडब्याऐवजी बारीक कुट्टी, भिजवलेला भरडा व मऊ कुटार द्यावे आणि थंडीत पाणी कोमट करून पाजावे; झिजलेल्या दातांच्या गायी एवढ्यानेच अधिक खाऊ लागतात. फ्लोराइड कमी झाल्यावर हाडांतील साठा मूत्रावाटे सावकाश, काही वर्षांत घटतो आणि कमी वयाच्या गायींचे लंगडणे सौम्य होऊ शकते.

खनिज मिश्रणाबाबत आवर्जून सांगतो. फॉस्फरससाठी स्वस्तातील काही मिश्रणांत फ्लोरिन न काढलेला रॉक फॉस्फेट असतो आणि कच्च्या रॉक फॉस्फेटमध्ये वजनाच्या ३ ते ४ टक्के फ्लोरिन असते. अशा दगडाची १० ग्रॅम पूड रोज पोटात गेली तर ३०० ते ४०० मिलिग्रॅम फ्लोराइड गेले. त्याचे शोषण पाण्यातील फ्लोराइडपेक्षा कमी होते, पण वरील हिशेबातील २८० मिलिग्रॅमच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. डायकॅल्शियम फॉस्फेटवर आधारित, फ्लोरिनचे प्रमाण छापलेले मिश्रण घ्यावे. सध्याचे पोते तपासणीचा अहवाल येईपर्यंत बाजूला ठेवावे. पाण्यात किंवा खाद्यात तुरटी टाकण्याचा उपाय स्वतःहून करू नये, कारण तुरटीतले अॅल्युमिनियम हे फ्लोराइडच्या जोडीने फॉस्फरसचेही शोषण अडवते आणि हाडे आधीच दुबळी असलेल्या गायीला ते परवडत नाही.